इतर स्पर्धक अकरा

आमच्या सांगलीच्या कॉलेजातील वाङ्मय व वादविवाद मंडळाचा इतिहास वार्षिक अंकासाठी लिहा, असे प्राचार्यांनी फर्मावले आणि मी इतिवृत्ताच्या वह्या घेऊन बसलो. मराठीचा प्राध्यापक म्हटला की असली कामे त्याच्याच गळ्यात!

इतिहास मूळपुरुषापासून सांगावा, या जुन्या खोडीप्रमाणे मी थेट मुंबई गाठली. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. प्रथम निबंध इंग्रजीत वाचले जात. लवकरच मराठी व गुजराती शाखा निघाल्या आणि बोलणे लोकांच्या भाषेत आले. १८४९ मध्ये तर या मंडळींनी मुलींच्या शाळाच उघडल्या आणि आपापले उद्योग सांभाळून तेथे सकाळी विनावेतन शिकवले. नुसता ठराव मांडून ती घरी गेली नाहीत! लेखणी कशी भरधाव चालली होती.

मग आमची वही उघडली आणि ती अडखळली. आठ वर्षांपूर्वीची वक्तृत्वस्पर्धा. खाली परीक्षक म्हणून माझी सही. वर बक्षीस मिळालेल्या तिघांची नावे आणि ‘इतर स्पर्धक अकरा’.

त्या अकरांत जतकडचा एक मुलगा होता. दुष्काळावर बोलला. पाठ केलेले एक वाक्य नाही. टँकरमागे घागर घेऊन धावणारी आई त्याने डोळ्यांपुढे उभी केली. पण ‘पाणी’चे ‘पानी’ होई आणि सभागृहात खसखस पिके. उच्चारांच्या दहा गुणांपैकी मी त्याला दोन दिले. तो पुन्हा व्यासपीठावर आला नाही.

आणि मी तरी कोण? माणदेशातून साताऱ्याला शिकायला आलेला. पहिल्या भाषणात माझेही ‘पानी’च झाले होते. पोरे हसली, तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या सरांनी घंटा बडवून त्यांना गप्प केले आणि मला म्हणाले, “हं, कुठवर आलं होतं तुझं पानी? बोल पुढं.” पाच मिनिटे ठरलेली, त्यांनी दहा दिली.

यंदाच्या गुणपत्रिकांवरचा उच्चारांचा रकाना मी लाल शाईने खोडला. शिपाईमामांनी विचारले, “सर, नव्या छापून आणू का?” नको म्हटले.

लेख मात्र अजून प्राचार्यांकडे गेलेला नाही. हजेरीपटात त्या मुलाचे नाव शोधतो आहे.