आंबट भात

‘सुशी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीत मासळी कुठेच येत नाही. जुन्या जपानीत त्याचा अर्थ ‘आंबट’ असा आहे, आणि हा आंबटपणा भाताचा. तांदूळ शिजवायचा, त्याला व्हिनेगर, साखर आणि मीठ लावायचे, मग त्यावर किंवा त्यात जे काही घालाल ते घाला; कच्चा मासा घाला, काकडी घाला, ती सुशीच. धानाच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. कामठ्याच्या आसपास भाताला कोणी पक्वान्न समजत नाही. तो असतोच. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचे आणि सकाळी किंचित आंबूस झालेला तो भात मीठ-कांद्याशी खाऊन रोवणीला जायचे, यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

गेल्या वर्षी मुंबईत एका चर्चासत्राच्या निमित्ताने लोअर परळला जाणे झाले, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा आग्रह मोडवेना. तो तिथल्या एका लहानशा सुशीघरात नोकरीला आहे. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला, वडिलांची दोन एकर धानाची शेती असलेला हा मुलगा पुढे हॉटेलच्या धंद्यात शिरला. आमच्या गोंदियात ‘मिल’ म्हटले की राईस मिल. लोअर परळला ‘मिल’ म्हणजे कापडाची, आणि तीही आता नावापुरती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्या आवारांतली तिसरी पाळी कायमची बंद पडली, त्याच आवारांत आज रात्री अकराला गर्दी चढते. त्यांपैकीच कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री आग लागून चौदा माणसे गेली. गर्दी काही ओसरली नाही. रात्र जागवणे आम्हांलाही अपरिचित नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. पण तिथे रात्रीला एक गाव असते, आणि वर्षातून एकदाच असते. इथे ती रोजची, आणि जो तो आपापल्या टेबलाची.

सुशीघर मात्र या गजबजाटाच्या मागच्या गल्लीत, दहाबारा खुर्च्यांचे. नेहमीची गिऱ्हाइके असावीत, कारण कोणी खाद्यसूची मागत नव्हते. माझ्यासोबत नागपूरचे एक सहकारी होते. त्यांनी काकडीच्या गुंडाळ्यांवर भागवले आणि माझ्या ताटलीकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळले. समोर नॉर्वेचा साल्मन होता. कच्चा साल्मन ही जपानची परंपरा नव्हे. १९८० च्या दशकात नॉर्वेच्या मासळी-व्यापाऱ्यांनी खटपट करून तो तिथे रुजवला. त्या माशाविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. मऊ होता, तुपकट होता.

भाताविषयी मात्र आहे. विद्यार्थ्याचे काम तेवढेच : भात. पाणी नितळ होईपर्यंत तांदूळ धुवायचा, भिजवायचा, शिजवायचा, लाकडी परातीत पसरायचा, आंबट पाणी शिंपडून उलथण्याने न ढवळता कापल्यासारखा परतायचा, वारा घालायचा. माणसाच्या अंगाइतका कोमट राहिला पाहिजे, हा नियम. त्या भाताला आचाऱ्यांच्या बोलीत ‘शारी’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याच ‘शरीर’ शब्दावरून गेलेला आहे. बौद्ध परंपरेत ‘शरीर’ म्हणजे बुद्धाच्या अस्थी. चीनमार्गे जपानला पोहोचताना पांढऱ्या शिताचे त्या धातूंशी साम्य दिसले आणि शब्द स्वयंपाकघरात उतरला. भाषेच्या अभ्यासकाला एवढ्यावर उपाशी राहता येईल.

आपले खाण्यावरचे ललित लेखन बहुधा आठवणीकडे तोंड करून बसते. पदार्थ आईच्या हातचा असतो आणि आता तो मिळत नसतो. इथे उलटे घडत होते. परक्या पदार्थाची कुळकथा ऐकताना आमचेच गाव समोर येत होते. नाओमिची इशिगे या जपानी मानववंशशास्त्रज्ञाच्या मते सुशीचा उगम मेकाँगच्या खोऱ्यातल्या भातशेतकऱ्यांकडे जातो. पावसाळ्यात पाणी चढले की मासळी भरपूर. ती टिकावी म्हणून मीठ लावून शिजल्या भातात दाबून महिनोन्महिने आंबवायची. जपानच्या बिवा सरोवराकाठी अशी ‘फुनाझुशी’ आजही करतात. पूर्वी त्यातला मासा खात आणि भात टाकून देत. पुढे माणसांना धीर राहिला नाही, महिन्यांची आंबवण व्हिनेगरने मिनिटांवर आणली, आणि १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली सुशी रस्त्यावर विकली जाऊ लागली. घाईच्या शहराचे ते उभ्याने खाण्याचे अन्न. पण मूळ चित्र पाहा : तलाव, बांध्या, पाऊस, बांधीत चढलेली मासळी. मामा तलावांच्या आमच्या जिल्ह्यात यातले काय नाही?

बिल दोघांचे मिळून अडीच हजारांच्या घरात गेले. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. ही तुलना करू नये असे माझ्या सहकाऱ्यांचे मत पडले. ती मी केली नाही, विद्यार्थ्याने केली, आणि हसत केली. नोकरीचे कळले तेव्हा वडिलांनी त्याला विचारले होते, ‘‘भात रांधाले मुंबईले गेला का बा तू?’’ यंदा ते शेत मक्त्याने देऊ म्हणत आहेत. गुडघे धरले आहेत, परे उपटणे होत नाही, आणि रोवणीला माणसे मिळत नाहीत. त्याने ‘हो’ म्हटलेले नाही, ‘नाही’ही म्हटलेले नाही. ‘‘सर, तुम्ही काय म्हणाल?’’ असे त्याने विचारले. मी तांदळाविषयी बोलू लागलो.

तांदूळ तिथे जपानी वाणाचा वापरतात, आखूड आणि चिकट. आमच्याकडे भाताचे शीत शिताला चिकटले तर रांधणारीला बोल लागतो. एचएमटीची सारी प्रतिष्ठा त्या मोकळेपणाची. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी तो वाण १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांतून निवडला आणि त्या काळी मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला पडले. एका बाबतीत मात्र दोन्हीकडचे एकमत आहे. जुना तांदूळ चांगला. कसलेले सुशी-आचारीही नव्यात जुना मिसळतात.

दिवाळीहून परतताना विद्यार्थ्याने घरचा पाच किलो तांदूळ नेला होता. दुकान बंद झाल्यावर त्याने तो रीतसर धुतला, शिजवला, परातीत घातला, आंबट पाणी शिंपडले आणि वळून पाहिला. शीत शिताला धरेना. तळहातावरच सांडला. रात्रीचा दीड वाजला होता आणि स्वयंपाकघरातल्या चौघांनाही भूक लागली होती. मग मणिपूरच्या एका सहकारिणीने आपल्या डब्यातली ङारी, म्हणजे आंबवलेली मासळी, मिरचीशी ठेचून त्या भातावर वाढली, आणि पातेले रिकामे झाले.