आग्नेय कोपरा

माझ्या नावाने केलेला अर्ज बँकेतून परत आला. प्राधिकृत अधिकारी सज्जन माणूस होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग विचारलं, "बेन, या मिळकतीशी तुमचा संबंध काय?" मी त्या घरात जन्मले, हे उत्तर तिथे चालणारं नव्हतं. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. घरच्या मुलीने करायचंच असतं, तसं, फार विचार न करता. तेव्हा कागदोपत्री मी तिऱ्हाईत. अर्ज आईच्या नावाने हवा, तिच्या सहीसह.

घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी कोकणातून इथे आले आणि भाड्याच्या घरातच वारले. घर बांधलं आजोबांनी, १९५४ साली. दादाने मकरपुऱ्यातल्या कारखान्यासाठी कर्ज काढलं तेव्हा घराचे मूळ दस्त बँकेत ठेवले. आईने जामीनदार म्हणून सही केली. कारखाना का बुडाला ते दादा कधीतरी सांगेल, मी विचारणार नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आली, ती त्याने कपाटात ठेवली. आम्हाला कळलं ते थेट दारावर ताबा-नोटीस चिकटल्यावर. तीच नोटीस नियमाप्रमाणे दोन वर्तमानपत्रांतही छापून आली, त्यांतलं एक गुजराती. गल्लीत सगळेच ते वाचतात. बँकेने काही बेकायदा केलं, असं मला म्हणता येणार नाही.

सामान पंचनामा करून आमच्या हवाली केलं. देव, भांडी, आजोबांची आरामखुर्ची, सगळं भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "वास्तुपुरुष राहिला."

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली पालथी पुरतात. आमच्याकडची सोन्याची, गुंजभर असेल नसेल, तांब्याच्या डबीत ठेवलेली. सणाला त्या फरशीवर नैवेद्य ठेवायचा. वास्तू 'तथास्तु' म्हणते म्हणून त्या घरात वाईट बोलायला आम्हाला बंदी होती. ताबा घ्यायला माणसं आली त्या दिवशीही आई एक शब्द बोलली नाही. आता घर कुणी बिल्डर घेणार, जेसीबी लावणार आणि ती डबी राडारोड्याच्या ट्रकमधून कुठेतरी भरावात जाणार, हे तिच्या डोळ्यांसमोर दिसत होतं.

आग्नेय कोपरा म्हणजे स्वयंपाकघर, हे सर्वांना ठाऊक होतं. पण कोणत्या फरशीखाली? पंचवीस वर्षांपूर्वी ओट्यासह सगळी फरशी बदलली होती, आणि नैवेद्य तेव्हापासून अंदाजाने ठेवला जात होता. माझा एक मित्र डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायचं काम करतो. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. "नुसतं गुंजभर सोनं असतं तर कठीण होतं," तो म्हणाला, "पण डबी तांब्याची आहे ना, आणि जोत्यावर फक्त माती न् फरशी. स्लॅबच्या सळया असत्या तर मशीन नुसतं किंचाळलं असतं."

आईचा अर्ज घेऊन पुन्हा बँकेत गेले. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं होतं: विक्री होईपर्यंत मालकी बांची; पण ताबा बँकेचा. मिळकत 'जशी आहे तशी' विकायची, तेव्हा तिच्यात उकराउकर झालेली चालणार नाही. मग खरी भीती बाहेर आली. जुनं मराठी घर, दांडिया बाजार. "मॅडम, हंडा निकला तो?"

मला हसू आलं, पण त्यांचं चूक नव्हतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर सापडवणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये! त्यांचं आता काय येतं? आमच्या वकील स्नेह्यांचं मत होतं की ज्याचा मालक ठाऊक आहे आणि ज्याने पुरलं त्याचंच घर आहे, त्याला 'निधी' म्हणून हात लावायचं कारण नाही. पण अधिकाऱ्यांना मत नको होतं, हमीपत्र हवं होतं. ते दिलं. सतरा दिवसांनी परवानगी आली: एक तास, बँकेचा माणूस हजर, 'केवळ शोध, खोदकाम नाही'.

ही शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली नाही.

रखवालदाराने वही पुढे केली. "चोपडामां सही करो, बा." 'येण्याचं कारण' या रकान्यात आईने लिहिलं, 'घरी'.

वीज तोडलेली होती. सहा महिन्यांत घराला बंद पेटीसारखा वास आला होता. मित्राने ओट्याच्या कडेपासून सुरुवात केली. आधी खालचा, घोगरा आवाज: लोखंड, बहुधा खिळे. मग नळाचा जुना पाइप, भिंतीभर. आई मोरीच्या उंबऱ्यावर बसून होती. चाळीस मिनिटं गेली. बँकेचा मुलगा घड्याळ बघत होता, पण बोलला नाही. मग खिडकीखाली, नैवेद्याच्या जागेपासून चांगली दोन हात लांब, मशीन वेगळंच वाजलं. उंच, स्वच्छ आवाज. मित्राने आडवं फिरवलं, उभं फिरवलं. प्रत्येक वेळी त्याच जागी. "तांबं," तो हळूच म्हणाला.

आई उठून आली. "इथे? मग मी पंचवीस वर्षं..." असं म्हणून ती थांबली.

मी त्या मुलाकडे पाहिलं. तो विशी-बाविशीतला, गळ्यात ओळखपत्र. त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि त्याला ते जड गेलं हे मला दिसलं. पंचनाम्यात त्याने लिहिलं: 'अग्निकोणात धातूचा संकेत. खोदकाम केलेले नाही.' आईने पिशवीतून दहीभाताचा डबा काढला आणि या वेळी बरोबर फरशीवर मूद ठेवली. मला वाटलं तो हरकत घेईल. त्याने बूट काढले.

गेल्या आठवड्यात लिलावाची नोटीस छापून आली. तिच्यात चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि 'जमिनीस संलग्न सर्व काही'. आम्ही दुसरा अर्ज दिला आहे, एका फरशीसाठी, दोन फूट बाय दोन फूट, पुन्हा जशीच्या तशी बसवून देण्याच्या हमीसह. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. लिलावाला अकरा दिवस आहेत. मित्राने मशीन आमच्याकडेच ठेवलं आहे.