तळाचा संघ

११ जानेवारी २०२५, शनिवार. आयएसएलमध्ये तेरा संघ, आणि तळाशी मोहम्मेडन स्पोर्टिंग. सामना बेंगळुरूत, कांतीरवा स्टेडियमवर. समोर सुनील छेत्रीचा बेंगळुरू एफसी, गुणतक्त्यात अगदी वर असलेला. नोव्हेंबरात याच बेंगळुरूविरुद्ध कोलकात्यात मोहम्मेडनने आधी आघाडी घेतली होती आणि शेवटच्या काही मिनिटांत सामना २-१ने घालवला होता. त्यात आज साडेसातला गुवाहाटीत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल भिडणार, म्हणजे बंगालचं सगळं लक्ष तिकडे. तिसऱ्या क्लबचं कोण बघतंय?

मी बघत होतो, निफाडात, मोबाइलवर. जानेवारीत आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष थंडीच्या पाऱ्याकडे असतं. द्राक्षबागा ज्याच्या त्याच्या काळजात. फुटबॉलची चौकशी करणारं कुणी नाही. एक शेजारी मात्र करतात. "काय भाई, तुमची टीम आज पण हरली का?" माणूस चांगला आहे, चेष्टेतच विचारतो. पण त्या 'तुमची'पाशी मी दरवेळी अडखळतो. मुंबई सिटीचा सामना बघत असलो तर हा प्रश्न येत नाही.

बरं, 'तुमची' हे खोटंही नाही. १८९१ सालचा हा क्लब कोलकात्याच्या मुसलमानांनीच उभा केला. १९३४पर्यंत कलकत्ता लीग एकाही भारतीय संघाला जिंकता आली नव्हती. ती मोहम्मेडनने जिंकली, आणि नंतर सलग १९३८पर्यंत जिंकतच राहिला. ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय त्यांनी लावून घेतली होती, आणि चांगले खेळाडू हेरायला ते दूरवर जायचे. रहमत, मोहिउद्दीन, मासूम हे तर बेंगळुरूचेच. म्हणजे परवाचं मैदान परकं असलं तरी गाव तसं परकं नव्हे. १९४० साली याच क्लबने दिल्लीत ड्युरँड जिंकला आणि मुंबईत रोव्हर्स कप. आमच्या अब्बांना क्लबचं नाव ठाऊक होतं ते या रोव्हर्समुळे. कोलकाता त्यांनी कधी पाहिलं नाही.

पण आजचा संघ बघा. सप्टेंबरात चेन्नईत आयएसएलमधला पहिला विजय मिळवून देणारा लालरेमसांगा फनाई मिझोरामचा. प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव रशियाचे. याच चेर्निशोवांनी २०२४च्या एप्रिलमध्ये आय-लीग जिंकून क्लबला इथवर आणलं. यातलं 'तुमचं' किती आणि कुणाचं, हे शेजाऱ्यांना एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मग नाव का नाही बदलत?" नाव कशाला बदलायचं? नावात शब्द असला म्हणजे दाराला कुलूप असतं असं थोडंच आहे.

सामन्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं, खरं सांगायचं तर. चेंडू बेंगळुरूकडे आणि मोहम्मेडन आपल्या गोलसमोर गर्दी करून. पूर्वार्ध ०-०. दुसरा भाग सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि मगरिबची अजान झाली. मोबाइल खिशात टाकून मशिदीत गेलो. दुआ मात्र फुटबॉलसाठी मागितली नाही. तळाच्या संघासाठी मागायची म्हटलं तर यादी फार लांबते.

परत आलो तरी ०-०च. एक गुण मिळाला तरी पुष्कळ, असं मनाशी म्हणत असताना ८८व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. उझबेकिस्तानचा मिर्जालोल कासिमोव चेंडूमागे उभा राहिला. फटका, आणि चेंडू जाळ्यात! मी इतका जोरात ओरडलो की आतून बायको विचारत आली, काय झालं, कुणाला काही झालं का. उरलेली मिनिटं उभ्यानेच बघितली. ०-१.

आयएसएलमधून खालच्या लीगमध्ये घसरायची भीती त्या हंगामात नव्हती. हरलं काय, जिंकलं काय, कागदावर फरक शून्य. तरी ती अकरा माणसं नव्वद मिनिटं गोलपुढून हलली नाहीत, आणि मला त्यांचं हेच आवडतं.

जानेवारी संपता संपता पगार थकल्याचं सांगून चेर्निशोव निघून गेले. उरलेले सामने मेहराजुद्दीन वाडूने सांभाळले. हंगाम संपला तेव्हा मोहम्मेडन तेराव्याच क्रमांकावर, चोवीस सामन्यांत तेरा गुण. विजय दोनच, चेन्नई आणि बेंगळुरू. कोलकात्यात एकही नाही.