श्रद्धेला कायद्याचे भय कशाला?

कोणताही कायदा येऊ घातला, की आपल्या समाजात प्रथम कुजबुज सुरू होते. रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंडळी चर्चच्या आवारात थबकतात आणि एकमेकांना विचारतात, ''आता आपल्या प्रार्थनांवर बंदी येणार म्हणे?'' विधेयक कोणी वाचलेले नसते; भय मात्र सर्वांच्या मुखी असते. जादूटोणाविरोधी विधेयकाच्या दिवसांत ही कुजबुज आम्ही सांगलीत पुष्कळ ऐकली. असाच कायदा साऱ्या देशासाठी व्हावा ही मागणी पुढे आली असता तीच कुजबुज पुन्हा कानी येते. म्हणून हा प्रपंच.

हा कायदा आपल्याच मातीत रुजला. डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्माने सातारचे. त्यांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. साताऱ्यात त्यांनी काही वर्षे दवाखाना चालवला आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे विधिमंडळाचे उंबरे झिजवले. २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले विधेयक विधान परिषदेत अडकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा संमत झाला. जे काम त्यांच्या हयातीत झाले नाही, ते त्यांच्या रक्ताने झाले.

दाभोलकर स्वतः देव मानीत नसत. 'मग त्यांच्या कायद्याला आपण, श्रद्धावंतांनी, का पाठिंबा द्यावा?' असा प्रश्न आम्हांला एका वयोवृद्ध स्नेह्यांनी विचारला होता. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर माणूस पाहून नव्हे, कायद्याचा मजकूर पाहून द्यावे लागते.

या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तीत बारा कृत्ये सांगितली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे. गुप्तधनासाठी नरबळी देणे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे. एखाद्या व्यक्तीला चेटकीण ठरवून तिचे जगणे असह्य करणे. चमत्काराच्या प्रदर्शनातून लोकांना फसवून पैसा उकळणे, अशी ती कृत्ये होत. सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. उलट पूजा, प्रार्थना, कीर्तन, प्रवचन, तसेच मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च येथील ज्या धार्मिक विधींनी कोणाला शारीरिक इजा वा आर्थिक हानी होत नाही, त्यांना हा कायदा लागू नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्यासही आडकाठी नाही. म्हणजे आपली जपमाळ, आपली नोव्हेना, आजाऱ्याच्या उशाशी केलेली आपली प्रार्थना सुरक्षित आहे. शिक्षा विश्वासाला नाही. इजेला आणि लुबाडणुकीला आहे.

आणि ख्रिस्तसभा तरी याहून वेगळे काय सांगते? आपली धर्मशिकवण जादूटोण्याचा स्पष्ट निषेध करते. महागुरुस्वामींच्या परवानगीवाचून भूतनिरसनाचा विधी कोणा धर्मगुरूलाही करता येत नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे; हजारो रोगमुक्तींच्या दाव्यांतून चमत्कार म्हणून मान्यता मिळालेल्या घटना शंभरसुद्धा भरत नाहीत. जी ख्रिस्तसभा चमत्काराची इतकी कसून परीक्षा घेते, तिच्या लेकरांनी भोंदूंच्या परीक्षेला का भ्यावे?

२० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातील म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. प्रथम ती सामूहिक आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी आरोप ठेवला तो असा, की गुप्तधनाचे आमिष दाखवून पैसे घेणाऱ्या मांत्रिकाने त्यांना विष दिले. कायदा होऊन तेव्हा साडेआठ वर्षे झाली होती. नुसता कायदा पुरत नाही. शेजाऱ्याने वेळीच तोंड उघडावे लागते.

मात्र पाठिंबा डोळसपणे द्यावा. आसाम राज्याने २०२४ मध्ये रोगनिवारणाच्या अनिष्ट प्रथांविरुद्ध कायदा केला, तेव्हा तेथील मुख्यमंत्र्यांनी धर्मप्रसाराला आळा घालण्याचा हेतू उघडपणे बोलून दाखवला. तेथील ख्रिस्ती समाजाने त्यास हरकत घेतली, ती योग्यच होती. दोन कायद्यांची नावे सारखी वाटली तरी त्यांची अंतःकरणे वेगळी असू शकतात. एक पीडिताकडे पाहतो, दुसरा प्रार्थना करणाऱ्याकडे. कर्नाटकाने आणि गुजरातनेही असे कायदे केले आहेत. देशपातळीवर कायदा करायचाच, तर तो महाराष्ट्राच्या धर्तीवर, श्रद्धेला स्पष्ट संरक्षण देणारा असावा, असे आपल्या खासदारांना आपण लेखी कळवले पाहिजे. धर्मग्रामाच्या मंडळांनी कायद्याचा मजकूर एकत्र बसून वाचावा. कोणी आजाऱ्याला, 'गोळ्या बंद कर, विश्वास पुरे आहे,' असे सांगत असेल, तर तो आपल्यातला असला तरी त्याला अडवावे.

येरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला त्या शोमरोनीने आधी तेल आणि द्राक्षारस लावला, जखमा बांधल्या, मग त्याला उतारशाळेत नेले. त्या जखमीचा धर्म त्याने विचारला नाही. म्हैसाळची वाट आमच्या घरापासून फार दूर नाही.