मागे फिरायची मुभा

जपानमधल्या तोमिओका गावातल्या एका पोलीस गाडीचा फोटो मी अधूनमधून पुन्हा उघडून बघतो. टप गेलेला, पत्रा चुरगळलेला, गंजाने तांबूस झालेला सांगाडा. मूळची ही काळी-पांढरी गस्तीची गाडी, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

11 मार्च 2011 ला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी जपानचा ईशान्य किनारा हादरला. फुताबा पोलीस ठाण्याचे दोघे ही गाडी घेऊन तोमिओकाच्या किनाऱ्याकडे गेले. एक चाळिशीतला, दुसरा पंचविशीही न गाठलेला. काम काय, तर त्सुनामी यायच्या आत लोकांना उंचावर पिटाळायचं. सिनेमात दाखवण्यासारखं त्यात काही नाही. सामान राहू द्या, आधी निघा, हेच पुन्हा पुन्हा सांगायचं आणि शेवटचा माणूस हलेपर्यंत आपण हलायचं नाही. मेख इथेच आहे. शेवटचा माणूस कोण, हे कुणाला ठाऊक असतं? लाट आली आणि गाडीसकट दोघांना घेऊन गेली.

थोरल्याचा मृतदेह महिन्याभराने दूर समुद्रात मिळाला. धाकटा मिळालाच नाही. शोधणार तरी कोण? फुकुशिमाची अणुभट्टी दहाएक किलोमीटरवर. तिथल्या दुर्घटनेमुळे दुसऱ्याच दिवशी सगळा गाव रिकामा करावा लागला. गाडी मात्र वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिली. लोक तिच्यापाशी फुलं ठेवत. आता ती गावातल्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे मानवंदना दिली, मदत जाहीर केली की हिशेब मिटतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी डोंगर चढतानाच हृदयविकाराने गेला. त्याच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल सगळे भरभरून बोलले. पण अशा चढणीवर कुणाला धाडायचं, कुणाला पायथ्याशीच थांबवायचं, हे ठरवतं कोण, ही चर्चा निदान माझ्या कानांवर तरी आली नाही. असं काही विचारलं की गेलेल्याचा अपमान केल्यासारखे लोक बघतात.

जपानने विचारलं. त्सुनामीत अग्निशमनाचे अडीचशेवर स्वयंसेवक गेले. त्यातले कितीतरी लाट अडवणारे समुद्राकडचे दरवाजे लावायला गेलेले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी नियमच करून टाकला: लाट पोचायला ठरावीक मिनिटं उरली की हातातलं काम टाकायचं आणि स्वतः उंचावर पळायचं. दरवाजा उघडा राहिला तरी. मागे कुणी उरलं असलं तरीही.