डॉक्टरांचा एच-इंडेक्स किती?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात पर्वती चढताना बाबांच्या छातीत भरून आलं. रविवारी पहाटे पर्वती, मग घरी येऊन पोहे आणि पेपर, हा त्यांचा गेल्या तीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर पायरीवर बसून राहिले आणि कुणाला काही बोलले नाहीत. आईला सांगितलं बुधवारी, मला कळलं शुक्रवारी. आमच्या घरात माहितीचा प्रवास हा असाच होतो!

मग स्ट्रेस टेस्ट झाली, ती पॉझिटिव्ह आली आणि 'अँजिओग्राफी करून घ्या' असा सल्ला मिळाला. ओळखीपाळखीतून दोन डॉक्टरांची नावं पुढे आली. एक मोठ्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर. दुसरे आमच्याच भागातले, चाळिशीतले. निवड कशी करायची?

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो, गुगल स्कॉलर उघडलं आणि एक्सेल शीट केली. किती शोधनिबंध, त्यांचे किती जणांनी दाखले दिले, एच-इंडेक्स किती. मोठ्या डॉक्टरांचा एच-इंडेक्स निघाला चौतीस. आमच्या भागातल्या डॉक्टरांचा तीन. झालं की! प्रश्न मिटला.

शीट बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "हे एच काय आहे?"

हे एक बरं झालं. समजावून सांगायला लागलो, की आपल्याला किती कळलंय ते कळतं.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. तुमच्या निदान वीस निबंधांचे प्रत्येकी निदान वीस दाखले दिले गेले असतील, तर तुमचा एच वीस. सोपं आहे. दाखले मोजण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला, तेव्हापासून कोण कोणाचा दाखला देतो याचं खातं पद्धतशीर ठेवलं जाऊ लागलं. गुगलचं पेजरँक याच घराण्यातलं. ज्याच्याकडे जास्त लोक बोट दाखवतात तो महत्त्वाचा, आणि महत्त्वाच्या माणसाने दाखवलेलं बोट जास्त वजनाचं.

बाबा म्हणाले, "म्हणजे एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि तो लाख लोकांनी वाचला, तर?"

"तर एच एक."

"बरं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

हे 'बरं' माझ्या डोक्यात दिवसभर राहिलं. अँजिओग्राफीची नळी हृदयापर्यंत न्यायची हे मुळात सुचलं कोणाला, ते रात्री शोधत बसलो.

वेर्नर फोर्समान. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या हॉस्पिटलात काम करणारा पंचविशीतला डॉक्टर. साल १९२९. हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयात नेता येईल, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक उपकरणांची किल्ली ज्या नर्सकडे, तिला त्याने पटवलं. ती म्हणाली प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी मात्र स्वतःच्याच दंडात घातली! मूत्रमार्गासाठी वापरतात तसली नळी, साधारण पासष्ट सेंटिमीटर. मग तशाच अवस्थेत चालत खालच्या एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचा फोटो काढून घेतला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निबंध छापून आला. परिणाम काय? बर्लिनच्या प्रसिद्ध शारिटे हॉस्पिटलातून गच्छंती. पुढे बुवा युरॉलॉजिस्ट झाले. (हा मनुष्य नाझी पक्षाचाही सभासद होता, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवायचं काही कारण नाही.) पण तो निबंध कुठेतरी कपाटात होता. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात कूर्नां आणि रिचर्ड्स या दोघांनी तो वाचला आणि १९४० च्या आसपास तीच पद्धत शिस्तीत पुढे नेली. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. तेव्हा फोर्समान एका छोट्या जर्मन गावात मूत्रविकारांचे पेशंट तपासत होते.

१९३५ साली कुणी एक्सेल शीट केली असती, तर त्यांच्या नावापुढे काय आकडा आला असता?

पुढची गोष्टही तशीच. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची रोहिणी उघडण्याची पहिली अँजिओप्लास्टी केली. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती जगाला कळली, तीही संपादकांना लिहिलेल्या एका पत्रातून. पाच पेशंट, एक पत्र.

आता नाण्याची दुसरी बाजू. पिएरो अनव्हेर्सा हे बोस्टनमधले हृदयसंशोधक. २००१ मध्ये त्यांच्या गटाचा 'नेचर'मधला निबंध गाजला : उंदरांच्या मृत झालेल्या हृदयस्नायूत अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या, तर नऊ दिवसांत त्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरतो. हृदय पुन्हा उगवतं! दाखल्यांचा पाऊस पडला, हजारोंनी. २००४ मध्ये 'नेचर'मध्येच दोन वेगळ्या गटांनी लिहिलं, की आम्हाला हे दिसत नाही, या पेशींचा हृदयस्नायू होत नाही. तरी गाडी चालूच राहिली. २०१७ मध्ये अनुदानासाठी खोटी माहिती वापरल्याच्या आरोपावरून संबंधित हॉस्पिटलाने अमेरिकन सरकारला एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या हॉस्पिटलाने जाहीर केलं, की या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यायला हवेत, त्यात बनावट किंवा फेरफार केलेली माहिती आहे. आपण निर्दोष आहोत, असं अनव्हेर्सा यांचं म्हणणं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांवर असल्या पेशींची चाललेली एक सरकारी चाचणी थांबवावी लागली. त्या चाचणीतल्या पेशंटांच्याही घरी कुणी माझ्यासारखा शीट घेऊन बसला असेल. त्याला आकडे उत्तमच दिसले असणार.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे हे नवीन नाही म्हणा. एखादी लायब्ररी हजार प्रोजेक्टांत वापरलेली असते म्हणून आपणही डोळे मिटून घेतो. आतला बग मग हजार ठिकाणी जातो. किती जण वापरतात ते कळतं, चालतं का ते आपलं आपण तपासायला लागतं. खुद्द हिर्श यांनीही २०२० मध्ये लिहिलं, की या निर्देशांकाचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात.

म्हणून मग शीट बंद केली आणि रविवारी बाबांसोबत बसून साधे प्रश्न लिहून काढले. वर्षाला किती अँजिओग्राफी करता? मनगटातून की जांघेतून? काही बिघडलं तर सर्जन त्याच इमारतीत आहे का? ब्लॉक निघाला तर लगेच स्टेंट टाकणार, की आधी आमच्याशी बोलणार?

दोन्ही डॉक्टरांना भेटलो. मोठे डॉक्टर सज्जन होते, पण त्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी चारही प्रश्नांची उत्तरं दिली. चौथ्याला म्हणाले, "काका, तुम्हाला टेबलावरच विचारणार नाही. बाहेर आल्यावर बोलू."

आणि तसंच केलं. अँजिओग्राफी मनगटातून, अर्ध्या तासाच्या आत. डावी मुख्य रोहिणी स्वच्छ, एका फांदीत अडथळा. मला वाटलं, आता स्टेंट. डॉक्टर म्हणाले, घाई नाही. मग त्यांनी आम्हाला 'इस्केमिया' नावाची चाचणी समजावून सांगितली. ३७ देश, ५१७९ पेशंट, निकाल २०२० मध्ये छापला. बाबांसारख्या स्थिर दुखण्यात, डावी मुख्य रोहिणी ठीक असेल तर, औषधांसोबत लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. त्रास फार असणाऱ्यांना आराम मात्र जास्त पडला. "तुमचा त्रास पर्वतीपुरता आहे. आधी गोळ्या नीट घेऊन बघू. नाही जमलं तर स्टेंट आहेच."

(मी डॉक्टर नाही. तुमच्या घरचं दुखणं वेगळं असेल, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि बसल्या जागी दुखायला लागलं तर ब्लॉग वाचत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.)

एच-इंडेक्स तीन असलेल्या या माणसाने पाच हजार लोकांवरचा निबंध नीट वाचलेला होता आणि तो माझ्या बाबांना लागू पडतो का, याचा विचार केला होता. कूर्नां आणि रिचर्ड्स यांनीही आधी एक जुना निबंध वाचलाच होता की. पण कोण किती वाचतो, याचा आकडा कुठल्याच शीटमध्ये सापडत नाही. तो समोर बसून, प्रश्न विचारूनच कळतो.

सध्या बाबा गोळ्या घेतायत आणि सकाळी सारसबागेत सपाटीवर चालतायत. पर्वतीची परवानगी पुढच्या तपासणीनंतर. काल मी विचारलं, "छातीत काही?"

"नाही."

"नक्की? की बुधवारी आईला कळणार?"

हसले. "तुझ्या त्या शीटमध्ये लिहून ठेव," म्हणाले. "सांगेन हो त्याच दिवशी."