गोकूचे शेपूट

विरारजवळच्या आगाशी गावची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना माझे पुढचे म्हणणे चटकन पटेल. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालतात. काही दिवसांत केळ्याचे रूप पार पालटते. रंग तपकिरी होतो, अंग आक्रसते, सुरकुत्या पडतात. हे कधी काळी केळे होते असे सांगूनही नवख्याला खरे वाटत नाही. पण तुकडा तोंडात घातला की वाटते. गेलेले असते ते फक्त पाणी. गोडी जागच्या जागी असते, उलट अधिक दाट झालेली असते.

गाजलेल्या गोष्टीचा चित्रपट करणे हे मला सुकेळी करण्यासारखेच वाटते. रूप बदलणारच. त्याबद्दल तक्रार करणारा वाचक मला हट्टी वाटतो. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, तेव्हा साने गुरुजींच्या पुस्तकातल्या सगळ्या रात्री काही तिच्यात मावल्या नाहीत. पण आई आली. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते काही उगीच नव्हे. पाणी गेले, गोडी राहिली.

पण जगात उलटा प्रकार करणारेही आहेत. गोडी काढून टाकायची आणि पाणी तेवढे ठेवायचे! अशा एका चित्रपटाने आमच्या घरात काय केले ते सांगायचे आहे. चित्रपटाचे नाव ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’. नाव ऐकून पान उलटू नका. गोष्ट तुमच्या-आमच्या घरातलीच आहे.

आमचे चिरंजीव तेव्हा पाचवीत होते. मी फोर्टातल्या कचेरीत. संध्याकाळी चर्चगेटला विरारची जलद गाडी पकडायची, साठ किलोमीटरांचा प्रवास बहुधा उभ्यानेच करायचा, आणि घरी पोचेपर्यंत आठ वाजायचे, हा माझा नेम होता. तेवढ्या वेळात चिरंजीवांची शाळा, खेळ, अभ्यास आणि टीव्ही सगळे उरकलेले असे. माझ्या वाट्याला येई तो जेवणाचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बाप-लेकांनी बोलावे काय? अभ्यासाची चौकशी केली तर दोन मिनिटांत संपते आणि दोघांचेही तोंड कडू होते. पण आमच्याकडे गोकू होता.

कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी चित्रमालिका लागत असे. तिचा एखादाच भाग मी पाहिला असेन. बाकीची सगळी मालिका मी आमटी-भाताबरोबर चिरंजीवांच्या तोंडून ऐकली. गोकू हा तिचा नायक. अकिरा तोरियामा नावाच्या चित्रकाराने १९८४ साली एका जपानी साप्ताहिकात ही चित्रकथा क्रमशः सुरू केली आणि १९९५ पर्यंत चालवली. तिची बेचाळीस पुस्तके झाली. मूळ कथेतला गोकू म्हणजे डोंगरात एकटा वाढलेला, खादाड, निष्कपट पोरगा. आजोबांनी दिलेली हवी तेवढी लांब होणारी काठी त्याच्या हाती, बसायला एक पिवळा ढग, आणि मागे माकडाचे शेपूट. ढगाची अट अशी की मन निर्मळ असेल त्यालाच त्याच्यावर बसता येते. बाकीचे सरळ खाली पडतात.

“बाबा, तुम्ही बसाल त्याच्यावर?” चिरंजीवांनी एकदा विचारले.

“त्यांना खिडकीपाशी जागा मिळत असेल तरच बसतील,” स्वयंपाकघरातून उत्तर आले.

त्या मालिकेत एक लढाई होती. फ्रीझा नावाचा दुष्ट सम्राट सांगतो, हा ग्रह आता पाच मिनिटांत फुटणार. ही पाच मिनिटे पुढचे कित्येक दिवस आमच्या जेवणात चालू होती. रोज मी विचारी, “फुटला का रे ग्रह?” आणि रोज उत्तर येई, “अजून नाही.” आमच्या हिला हे मोठे हास्यास्पद वाटे. मला मात्र त्यात काही खटकले नाही. रोज गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला पाच मिनिटे किती ताणता येतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

हळूहळू मलाही या पोराविषयी कुतूहल वाटू लागले. शेपूटवाला, ढगावर बसणारा, काठी बाळगणारा हा वीर आला कुठून? शोधले तेव्हा गंमत कळली. ‘सोन गोकू’ हा ‘सुन वुकाँग’ या चिनी नावाचा जपानी उच्चार. सुन वुकाँग म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला वानरराजा. तो एका भिक्षूचा सोबती होऊन, राक्षसांशी लढत लढत, धर्मग्रंथ आणायला पश्चिमेकडे निघतो. पश्चिम म्हणजे कुठली? आपला भारत! आणि तो भिक्षू म्हणजे शाळेत आपण ज्याचे नाव पाठ केले तो युआन श्वांग. सातव्या शतकात तो खरोखरच आला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही त्याने पाऊल टाकले आणि इथल्या माणसांविषयी लिहून ठेवले की ही माणसे उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि वैर करणाऱ्याला सोडत नाहीत.

हे मी चिरंजीवांना सांगितले, तेव्हा त्यांनी घास तसाच हातात धरला. “म्हणजे गोकू आपल्याकडे आला होता?” मी म्हटले, “त्याचे मालक तरी आले होते.” त्या रात्री गोष्ट सांगणारा मी होतो आणि ऐकणारा तो. असा योग बापाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही.

आता २००९ ची दिवाळी. त्या वर्षी अमेरिकेत या कथेवर खऱ्या माणसांचा चित्रपट निघाला होता. दिग्दर्शक जेम्स वाँग, गोकूच्या भूमिकेत जस्टिन चॅटविन, आणि गुरूच्या भूमिकेत हाँगकाँगचा नामवंत नट चाउ युन-फॅट. चिरंजीव नववीत गेले होते. त्यांनी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून त्याची तबकडी भाड्याने आणली आणि साऱ्या मजल्याला आमंत्रण दिले. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींना खास खुर्ची. त्यांना आधी सांगून ठेवले होते की वानराच्या अवताराची गोष्ट आहे, तुमच्या मारुतीसारखी. चकल्यांचे ताट फिरले, दिवे मालवले आणि चित्रपट सुरू झाला.

पडद्यावर एक अमेरिकन शाळकरी तरुण आला. अठरावा वाढदिवस, वर्गातली दांडगी पोरे त्याला छळताहेत, आणि एका मुलीपुढे त्याची बोबडी वळते आहे. ढग नाही. क्रिलिन हा त्याचा जिवलग मित्र नाही. ती भूक नाही, तो भाबडेपणा नाही. बेचाळीस पुस्तकांची गोष्ट दीड तासाच्या आत आटपलेली.

“माकड केव्हा यायचे?” आजींनी दोनदा विचारले. शेवटी शेवटी एक वानरासारखे अक्राळविक्राळ काहीतरी आले खरे. आजींनी चष्मा सारखा करून पाहिले आणि म्हणाल्या, “छे, हा मारुती नव्हे बाई.”

चिरंजीव मात्र तोवर एक शब्दही बोलले नव्हते. दिवे लागल्यावर ते एवढेच म्हणाले, “बाबा, त्याला शेपूटच नाही.” मी म्हटले, “खऱ्या माणसाला शेपूट बरे दिसले नसते म्हणून काढले असेल.” त्यावर तो म्हणाला, “मग हा गोकू नाही. हा गोकू नावाचा कुणीतरी मुलगा आहे.”

पुष्कळ चित्रपट-परीक्षणे मी वाचली आहेत. त्यांत इतके नेमके वाक्य मला क्वचितच सापडले. त्या शेपटात सगळे होते. हा पोर आपल्यातला नाही, आणि तरी आपल्याला जवळचा वाटतो, ही तर त्या कथेची गोडी. परक्या मुलखातल्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटावा म्हणून त्याचे वेगळेपण छाटले, आणि उरला तो कुणाच्याच ओळखीचा नाही. विरारच्या एका इमारतीतल्या पोराला शेपटासकट जो गोकू आपला वाटला होता, तो शेपूट काढल्यावर परका झाला.

त्या दिवाळीनंतर जेवताना गोकूचा विषय निघेनासा झाला. रुसवा नाही, भांडण नाही. पोर मोठा होत होता, दहावीचे वर्ष समोर होते, शिकवण्या लागल्या होत्या. एका चित्रपटाने एवढे होते का? कोण सांगणार! दोन्ही गोष्टी एकाच दिवाळीत आल्या एवढे खरे. आमचा अर्धा तास पुन्हा अभ्यासाच्या चौकशीवर आला आणि दोन मिनिटांत संपू लागला. आमटी तीच होती, पण पोटभर जेवल्यासारखे वाटत नसे.

पण नाराज झालेला तो एकटा नव्हता, हे आम्हांला पुढे कळले. खुद्द तोरियामाही नाराज होता. २०१३ साली त्याने सांगितले की पटकथेत आपल्या कथेच्या जगाची नीट जाण नव्हती. त्याने बदल सुचवले, पण ते कुणी ऐकले नाहीत. कथा संपवून त्याला बरीच वर्षे झाली होती. पण या चित्रपटानंतर तो पुन्हा तिच्याकडे वळला आणि त्याच वर्षी ‘बॅटल ऑफ गॉड्स’ हा नवा चित्रपट निघाला, तो त्याच्या स्वतःच्या कथेवर. त्यापाठोपाठ २०१५ पासून नवी मालिकाही आली. अमेरिकन चित्रपटाचा पटकथाकार बेन रॅम्झी यानेही २०१६ मध्ये रसिकांची जाहीर क्षमा मागितली. आपण या कथेचे प्रेमी म्हणून नव्हे, तर मोबदल्यासाठी काम स्वीकारले, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले. असे कबूल करायलाही मन मोठे लागते. त्याला त्या पिवळ्या ढगावर बसू द्यायला माझी हरकत नाही.

तोरियामा परतल्याची बातमी चिरंजीवांनी मला गाडीत सांगितली. ते तेव्हा कॉलेजला जात होते आणि योगायोगाने आम्ही एका डब्यात सापडलो होतो. दोघेही दांडीला लोंबकळत होतो. “त्याला राग आला, बाबा, म्हणून तो परत आला,” तो म्हणाला. बोरिवलीपासून विरारपर्यंत तो बोलत होता. मी चार वर्षांनी त्याचा तो आवाज ऐकत होतो.

मुलाची एखाद्या चित्रपटावर नाराजी झाली की आपण म्हणतो, “अरे, सिनेमाच तर आहे.” मला आता तसे म्हणवत नाही. न आवडलेल्या चित्रपटाला मूल विसरून जाते. चिडते ते प्रेम असते तिथेच. आणि आपल्याला नेमके काय आवडत होते, हे कधी कधी ते हरवल्यावरच त्याला शब्दांत सांगता येते. चौदा वर्षांच्या मुलाला मूळ वस्तू कोणती आणि तिचे नाव लावलेली दुसरी कोणती हे ओळखता आले, तर त्याचे वाचन, पाहणे फुकट गेले नाही असे समजावे. पुढे नोकरीत, माणसांत, सगळीकडे त्याला हीच पारख लागणार असते.

२०२४ च्या मार्चमध्ये तोरियामा वारल्याची बातमी आली. अडुसष्ट वर्षांचा होता. चिरंजीव आता बंगळूरला असतात. त्यांचा रात्री फोन आला. “पाच मिनिटे बोलू का, बाबा?” असे त्याने विचारले, आणि फ्रीझाच्या त्या लढाईपासून सुरुवात केली. आमची ही दोनदा पान वाढल्याचे सांगून गेली. फोन खाली ठेवला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, आणि ग्रह अजून फुटायचा होता.